तपकिरी चरबी जागी करायची तर बर्फापासून सुरुवात नको

बर्फाच्या टबात बसलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ पुढे करून विद्यार्थी विचारतात, "मॅडम, असं केलं की ब्राउन फॅट वाढते ना?" ब्राउन फॅट म्हणजे तपकिरी चरबी, इंधन जाळून अंगात उष्णता तयार करणारी. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे थंडी सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला.

मी म्हणते, आधी सखा लोकांकडे बघा. यांनाच याकुतही म्हणतात. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जानेवारीत सरासरी तापमान उणे 40च्या आसपास असतं. पण म्हणून ही माणसं उघड्यानं कुडकुडत बसत नाहीत. फरचे बूट, फरची टोपी, घरात हीटिंग, पोटात घोड्याचं मांस आणि मासे. थंडी लागते ती जाता-येता, चेहऱ्याला, श्वासाला. थोडी थोडी, पण वर्षानुवर्षं. नक्कल करायचीच तर याची करा.

आता बोटं गळ्याच्या हाडाच्या वर, खांद्याकडच्या खळग्यात ठेवा. मोठ्या माणसात तपकिरी चरबी असलीच तर मुख्यतः इथे, मानेत आणि पाठीच्या कण्याजवळ असते. हाताला वेगळी लागत नाही. सखा लोकांच्या अभ्यासात संशोधकांनी थर्मल कॅमेऱ्याने याच जागेचं तापमान तपासलं. थंडीत बाकीची त्वचा गार पडते, पण ही चरबी काम करत असेल तर हा खळगा तितकासा गार होत नाही. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांनी, खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांत यूसीपी1 नावाचं प्रथिन असतं. त्याच्यामुळे चेन निसटलेल्या सायकलसारखं होतं: पायडल जोरात फिरतं, चाक जागचं हलत नाही. इंधन जळतं, पण एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, बनण्याऐवजी उष्णता निघते. त्या इंधनात रक्तातली साखरही असते, म्हणून मधुमेहावर काम करणाऱ्या संशोधकांचं या चरबीकडे लक्ष.

करायचं काय? खोली 17 ते 19 अंशांवर आणा, पातळ कपडे घाला आणि वाचत बसा. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, मग हळूहळू वाढवा. 2013मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना 17 अंशांत रोज 2 तास, असं 6 आठवडे बसवलं. तपकिरी चरबीचं काम वाढलं. काटा आला तर चालेल. थरथर सुरू झाली की उठा, कारण आता उष्णतेचं काम स्नायूंनी घेतलं आणि तुम्ही नुसते हाल सोसताय. मोजे काढू नका. बोटं बधिर करून काहीही साधत नाही. उपाशी बसू नका. आणि दारू अजिबात नको. तिनं ऊब आल्यासारखं वाटतं खरं, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर जाते.

हृदयविकार, रक्तदाब, थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळात ही चरबी भरपूर असते, हे वाचून बाळावर प्रयोग करू पाहणारेही भेटतात! तेवढी चरबी बाळाला स्वतःची ऊब राखायलाच लागते. बाळाला गुंडाळूनच ठेवा.

वजन झरझर उतरेल ही आशा सोडा. आणि सगळंच सवयीनं येतं असंही नाही. ग्रीनलंडच्या इनुइट या मूळ रहिवाशांमध्ये टीबीएक्स15 या जनुकाजवळच्या डीएनएचा एक वेगळा प्रकार फार आढळतो. चरबी अंगात कुठे साठते याच्याशी त्याचा संबंध दिसतो आणि तो डेनिसोवन नावाच्या लुप्त मानवांसारख्या कुणाकडून आला असावा. तो खोली गार करून मिळणार नाही.

मिळते ती सवय, आणि तीही टिकवावी लागते. उन्हाळ्यात ती ढिली पडली की पुढच्या थंडीत पुन्हा अर्ध्या तासापासूनच सुरुवात करायची.