विनाइल कटआउट नेस्टिंगमध्ये (कमी जागेत जास्त आकार बसवताना) प्रत्येक आकाराभोवती चौकोनी जागा वाया जात होती, असं सुटलं

48 इंची रोलवर गणपतीचे, फुलांचे वेडेवाकडे स्टिकर लावताना सॉफ्टवेअर प्रत्येकाला चौकोनी डब्बाच धरायचं, मधले खड्डे रिकामे. रिपचं (प्रिंटरला फाइल पाठवणारं सॉफ्टवेअर) ऑटो नेस्टिंग, हाताने सरकवणं, गॅप कमी करणं, सगळं झालं, डोकं उठलं नुसतं.

शेवटी डीपनेस्टमध्ये (नेस्टिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) जमलं. आधी इलस्ट्रेटरमध्ये फोटो, शॅडो, क्लिपिंग मास्क सगळं बाजूला ठेवून फक्त कटलाइन (कटर जिथून कापतो त्या रेषा) नवीन फाइलमध्ये घ्यायच्या, पाथ बंद हवेत, उघडा पाथ घोळ घालतो. त्याच फाइलमध्ये 46 इंच रुंद चौकोन काढायचा (दोन्हीकडे एकेक इंच पिंच रोलरसाठी, म्हणजे रोल पकडणाऱ्या चाकांसाठी) आणि एसव्हीजी सेव्ह. डीपनेस्टमध्ये एसव्हीजी स्केल (इंचाला किती युनिट) 72, इंकस्केपवाल्यांनी 96, नाहीतर साइझ बदलतो. चौकोनाला शीट म्हणून टिक, गॅप 6 मिमी, रोटेशन 4 च ठेवा, म्हणजे तुकडे 90 च्या पटीतच फिरतात आणि पुढचं काम सोपं जातं. थोडा वेळ चालू द्यायचं, मग एक्सपोर्ट.

ती फाइल इलस्ट्रेटरमध्ये लॉक लेयरवर ठेवून मूळ आर्टवर्क कटलाइनसकट ग्रुप करून खालच्या रेषेप्रमाणे फिरवायचं आणि तिच्या एका टोकदार पॉइंटला स्नॅप करायचं (चिकटवायचं). सगळे बसले की लॉक लेयर उडवा, नाहीतर कटर डबल कापेल.