जुनी मोटरबोट घेताना आणि दुरुस्त करताना: आधी मागची फळी पाहा

भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या तलावांच्या जिल्ह्यांत पाण्यावरचे वाहन म्हणजे पिढ्यानपिढ्या ढिवरांचा डोंगा. गोसीखुर्दचे बुडीत क्षेत्र, इटियाडोह, रामटेकजवळची खिंडसी अशा विस्तीर्ण पाण्यावर मात्र वल्हे मारत पल्ला गाठणे जिकिरीचे होते, आणि नवी बोट परवडत नाही म्हणून मच्छीमार संस्था किंवा काठावरचे शेतकरी जुन्या फायबरच्या बोटीच्या शोधात असतात. अशी बोट बहुधा कोकण किनाऱ्यावरून किंवा बंद पडलेल्या एखाद्या नौकाविहार केंद्रातून येते. घेणारा पहिल्यांदा इंजिन सुरू करून पाहतो, आवाज चांगला वाटला की इसार देऊन मोकळा होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. इंजिन चार बोल्ट काढून बदलता येते. सांगाडा आतून कुजलेला असेल, तर त्यावर घातलेला पैसा पाण्यातच जातो.

म्हणून पाहणीची सुरुवात इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते, तिच्यापासून करावी. बाहेरून ती फायबरची दिसते, परंतु बहुतेक बोटींत आत प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या छिद्रांतून पाणी झिरपत राहिले, की ते लाकूड वर्षानुवर्षे आतल्या आत कुजते. इंजिन थोडे वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्यावा आणि दुसऱ्या माणसाला फळीकडे बारकाईने पाहायला सांगावे. फळी किंचितही लवली तर सावध व्हावे. लाकडी हातोडीने इंचाइंचावर ठोकत जावे. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येतो तिथे थर सुटलेले असतात किंवा ओल धरलेली असते. मी घेतलेल्या पहिल्या बोटीचा एक स्क्रू नंतर सैल केला, तेव्हा छिद्रातून चहासारखे तपकिरी पाणी ओघळू लागले आणि स्क्रूच्या आट्यांना काळा लगदा चिकटून आला. विकणाऱ्याने बोट कोरडीठाक असल्याचे सांगितले होते. तेव्हापासून विकणाऱ्याच्या संमतीने एखादा स्क्रू काढून पाहिल्याशिवाय मी भावाची गोष्ट काढत नाही.

त्यानंतर तळ पाहावा. फोडासारखे फुगवटे, जुन्या ठिगळांच्या कडा, दोर बांधण्याच्या खुंट्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा यांची नोंद करावी. पायाखालची जमीन मऊ लागत असेल, तर तिच्याखालचा फोम पाणी पिऊन बसलेला असण्याची शक्यता असते. अशी बोट उचलताना अंदाजापेक्षा बरीच जड लागते.

इंजिनाची परीक्षा इंजिन थंड असतानाच सुरू करावी, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपला दोष लपवते. पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवूनच ते चालवावे. कोरडे चालवल्यास इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणारा आतील रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, काही क्षणांत खराब होतो. चालू असताना बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार सतत पडली पाहिजे. मग सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावे. दोहोंत 10 टक्क्यांहून अधिक फरक नसावा. गिअर ऑईलचा खालचा स्क्रू सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले, तर सील गेलेले असून आत पाणी शिरले आहे असे समजावे. इंजिनाच्या दांड्याची लांबीही फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. लहान दांडा साधारण 15 इंची, लांब 20 इंची असतो.

पैसे देण्यापूर्वी इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी आणि नोंदणी आवश्यक आहे. ज्या जलाशयात बोट उतरवायची, तिथे जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्याला वनविभागाचे निर्बंध असतात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बोट आणताना धानाच्या तणसाने भरलेली पोती तळाखाली सर्वत्र दाबून बसवावीत. केवळ दोन टोकांवर टेकलेली बोट खड्ड्यांच्या रस्त्यावर वाकते.

दुरुस्तीचे वेळापत्रक आपल्या हवामानावरून ठरवावे, हे मी आग्रहाने सांगतो. विदर्भाचा एप्रिल-मे महिना बोट वाळवण्यासाठी फार उपयोगाचा आहे: झाकणे आणि जमिनीच्या फळ्या काढून, बुच उघडे ठेवून, पुढचा भाग उंच करून ती हवेशीर मांडवाखाली ठेवली, की एरवी महिनोन्महिने न निघणारी ओल निघून जाते. हाच काळ रेझिनच्या, म्हणजे फायबर जोडणाऱ्या आणि कालवल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाच्या, कामाला मात्र घातक आहे. एप्रिलच्या एका दुपारी मी लिटरभर रेझिन एकाच डब्यात कालवले. ब्रश बुडवेपर्यंत डबा हाताला धरवेना, त्यातून धूर निघू लागला आणि क्षणात सारा माल दगड झाला. म्हणून वाळवण उन्हाळ्यात करावी, पावसाळ्यात बोट कोठ्यात झाकून ठेवावी आणि रेझिनचे काम दिवाळीनंतर, सकाळी दहा ते चारच्या दरम्यान, थोडा थोडा माल पसरट भांड्यात कालवून करावे.

कुजलेली फळी बदलताना आतल्या बाजूचे फायबर कडेला दोन इंच सोडून कापावे, काळे पडलेले लाकूड टणक भाग लागेपर्यंत पटाशीने काढावे आणि जुन्या जाडीइतके नवे प्लायवूड बसवावे. ते आयएस 710 चा शिक्का असलेले मरीन प्लायच असावे. दाराखिडक्यांसाठीचे साधे प्लाय इथे टिकत नाही. कापलेल्या कडांतूनच पाणी शिरत असल्याने त्या कडांना रेझिनचे दोन-तीन हात द्यावेत. लाकडाला चिकटवण्यासाठी इपॉक्सी रेझिन महाग असली तरी तीच वापरावी, कारण पॉलिस्टर रेझिनची लाकडावरची पकड तिच्याइतकी भरवशाची नसते. बोल्टांची छिद्रे आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि ती कडक झाल्यावर त्यातूनच योग्य मापाचे छिद्र पाडावे, म्हणजे बोल्टाकडून आलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही.

तळाच्या तडा पॉलिस्टर रेझिन आणि ग्लास मॅटने (काचतंतूंच्या कापडाने) भरता येतात. तडेभोवतीचा भाग जाडीच्या निदान बारापट रुंदीपर्यंत उताराने घासून घ्यावा. नुसते वरून लावलेले ठिगळ सुटते. एक किलो रेझिनला ते घट्ट करणारा हार्डनर 10 ते 20 मिलि पुरतो. हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवून मगच हार्डनर घालावा. घासताना तोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. रंगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पृष्ठभाग नीट घासला असेल तर तो टिकतो.

इंजिनाचा इंपेलर, प्लग, गिअर ऑईल आणि पेट्रोलच्या नळ्या न तपासता बदलाव्यात. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि चिरतात. बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांना 50 भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे लिटरला 20 मिलि तेल लागते, तरी आपल्या इंजिनाचे पुस्तक प्रमाण मानावे. तेल बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या टीसी-डब्ल्यू3 प्रतीचेच हवे, स्कूटरचे चालत नाही. समुद्रावरून आलेल्या इंजिनावर, स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजापासून वाचवणारे, जस्ताचे अ‍ॅनोड असतात. गोड्या पाण्यात ते निष्क्रिय होतात, म्हणून त्यांच्या जागी मॅग्नेशियमचे लावावेत.

पहिली फेरी हिवाळ्यात, पाणी संथ असताना, काठाजवळच मारावी. गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडलेले असताना त्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये. बुडीत क्षेत्रात पाण्याखाली झाडांची खोडे उभी असतात, तेव्हा वेग कमी ठेवावा आणि ती खोडे नेमकी कुठे आहेत हे ढिवरांना विचारून घ्यावे. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, सोबत दोन वल्ही आणि एक दोर असावा. परतल्यावर बोट काठावर ओढून बुच उघडावे आणि किती पाणी निघते ते मोजावे. पहिल्या 10 तासांनंतर गिअर ऑईल पुन्हा काढून पाहावे. ते दुधाळ नसेल, तरच दूरच्या काठाचा विचार करावा.