पीयू बुश टाकूनही गाडी थरथरतेय? मग या चुका टाळा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. इंजिनला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवणारे आधार म्हणजे माउंट, आणि त्यांच्या आत धक्के झेलणारा जो गोल तुकडा असतो तो बुश. पॉलियुरेथेन या रबरापेक्षा कडक पदार्थाचा बुश, म्हणजे आपण ज्याला पीयू बुश म्हणतो तो, इंजिनचं हलणं कमी करतो. थरथर कमी करत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक चांगल्या चालणाऱ्या गाडीची वाट लावतात, आणि हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

हलणं म्हणजे क्लच सोडताना इंजिन झोल घेतं ते, गिअर बदलताना ‘ठक’ होतं ते. थरथर म्हणजे गाडी नुसती उभी असताना स्टिअरिंगमधून तळहाताला जाणवते ती. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर (मिनिटाला 800 फेरे) आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असेल, तर सेकंदाला साधारण 27 वेळा स्फोट होतात. तीन सिलिंडरचं असेल तर 20 वेळा. माउंटमधलं रबर मऊ असतं ते हे धक्के बॉडीत जाण्याआधी जिरवण्यासाठी. माउंटवर बसलेल्या इंजिनची स्वतःची एक डोलण्याची गती असते, आणि स्फोटांची गती तिच्या किमान 1.4 पट झाल्याशिवाय माउंट धक्के अडवायला सुरुवातच करत नाही. तुम्ही कडक बुश टाकलात की इंजिनची डोलण्याची गती वाढते, मधलं अंतर कमी होतं आणि धक्के सरळ सीटखाली येतात. तीन सिलिंडरच्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथे मुळातच अंतर कमी असतं.

म्हणून ‘जितका कडक तितका भारी’ ही पहिली मोठी चूक. बुशचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. रोज चालवायची गाडी असेल आणि पीयू टाकायचाच असेल, तर मी 60 ते 70 च्या आसपासचा घेतो, आणि तोही फक्त टॉर्क रॉडला, म्हणजे इंजिनचं पुढे-मागे डोलणं रोखणाऱ्या दांड्याला. 80 च्या पुढचे बुश रेसच्या गाडीला ठीक. घरच्यांना घेऊन लांब जायच्या गाडीत ते टाकू नका. इंजिनचं वजन पेलणारे मुख्य माउंट फाटले असतील, तर तिथे कंपनीच्या मापाचं नवीन रबरच टाका. बऱ्याच गाड्यांत या जागी आत द्रव भरलेला माउंट असतो. तो गळून रिकामा झाला की आयडलिंगची थरथर एकदम वाढते, आणि त्याची जागा कुठलाही ठोस बुश भरून काढू शकत नाही.

दुसरी चूक म्हणजे मूळ दुखणं न शोधता बुश मागवणं. एकाने तिन्ही माउंटना पीयू टाकून गाडी माझ्याकडे आणली होती. आरशात मागची गाडी नीट दिसत नव्हती, इतकी थरथर. इंजिनचा आवाज ऐकताच कळत होतं की एक सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात नीट स्फोट होत नाहीये. इग्निशन कॉइल गेली होती. नवी कॉइल बसवली आणि इंजिन सुरळीत झालं, पण आता कडक बुशांची थरथर उरली आणि ती काढायला पुन्हा सगळं उघडावं लागलं. आधी प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि आयडलिंगचा आरपीएम बघा. मग बोनेट उघडून एकाला गाडीत बसवा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि क्लच जरासा सोडायला लावा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे कधीच नाही. इंजिन एका बाजूने उचललं जात असेल, तर माउंट गेलाय हे डोळ्यांना दिसतं.

आता ती चूक, जिच्यापायी माझे स्वतःचे दोन आठवडे गेले. ओळखीच्या एकाची गाडी होती, माउंट नवे, रबरचे, मापाचे. संध्याकाळच्या आत गाडी द्यायची म्हणून मी घाई केली. इंजिन जॅकवर थोडं तिरकं असतानाच खालच्या टॉर्क रॉडचे बोल्ट पक्के आवळले आणि मग वरचे. गाडी खाली आली ती जुन्या माउंटपेक्षा जास्त थरथरत. मी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, सायलेन्सरचे हँगर पाहिले. शेवटी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो आणि बुशकडे नीट पाहिलं. रबरच्या मधल्या खाचेत एका बाजूला बोट शिरेल एवढी फट होती, तर दुसऱ्या बाजूला रबर रबराला टेकलेलं. नवा बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला आणि दाबलेला! सगळे बोल्ट दोन-तीन आटे सैल केले, तर इंजिन ‘टक’ करून जागेवर सरकलं. पुन्हा आवळले आणि थरथर गेली.

याचं कारण साधं आहे. रबरच्या बुशमध्ये रबर आतल्या स्लीव्हला (ज्यातून बोल्ट जातो ती नळी) आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की स्लीव्ह जखडली जाते, आणि त्या क्षणी रबर जसं असेल तसंच अडकून राहतं. पीयूमध्ये स्लीव्ह मोकळी फिरते, म्हणून पीळ कमी बसतो. पण एका बाजूचा दाब तिथेही राहतोच. आता माझी पद्धत ठरलेली आहे. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, जॅक काढून इंजिनचं वजन माउंटवर येऊ द्यायचं, इंजिन बंद असताना हाताने दोन-चार वेळा हलवायचं, मग वजन पेलणारे माउंट आवळायचे आणि टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा. या कामाला पाऊण तास जास्त लागतो. तेवढा धीर नसेल, तर त्या दिवशी काम हातात घेऊच नका.

जॅक लावताना ऑइल चेंबरखाली लाकडाची जाड फळी ठेवा, नाहीतर चेंबर चेपतो.

माउंट काढताना सोडलेली अर्थिंगची पट्टी परत लावा. ती विसरली की स्टार्टर रडतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

बोल्टला टॉर्क रेंच लावा, इम्पॅक्ट गन नको. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे एकदा गेले की गेले.

फाटलेल्या माउंटच्या फटीत काचेचा सीलंट भरण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. तेलकट, फाटक्या रबरावर तो धरत नाही. धरलाच, तर ज्या फटी इंजिनला डोलायला मोकळीक देण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्याच बुजतात. जुना बुश जाळून काढणं तर त्याहून वाईट. धूर विषारी असतो, आणि पीयू जळताना तर हायड्रोजन सायनाइडही निघतो. प्रेसवर दाबून काढा.

पीयू बुशला सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर तो कुरकुरतो. साधं ग्रीस रबराच्या बुशला लागू देऊ नका, रबर फुगतं. याच कारणाने वरून ठिबकणारं तेल आधी बंद करा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्केटमधून गळणारं तेल थेट माउंटवर पडत असेल, तर नवा माउंटही जुन्याच्याच वाटेने जाईल. मी आधी गास्केट बदलतो, खालचं सगळं धुऊन कोरडं करतो, दोन दिवस गाडी चालवून पुन्हा टॉर्चने पाहतो, आणि जागा कोरडी दिसली तरच नवा माउंट बसवायला घेतो.