मैफलीचे फोटो हलतात? आधी लेन्स बघा

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८-५५ मिमी असेल तर ५५ वर तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). सभागृहातल्या उजेडात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर १/२५ सेकंदावर येतं. गायकाचा तान घेणारा हात म्हणजे नुसता धूर. तिथेच एफ/१.८ ची लेन्स दहापट उजेड घेते, म्हणजे शटर थेट १/२५०. गायकाला एवढं पुरतं. तबल्याची बोटं गोठवायला १/५०० लागतं, पण मला थोडी हललेली बोटंच जिवंत वाटतात.

क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर पहिली खरेदी ८५ मिमी एफ/१.८. सहा मीटरवरून कंबरेपासून वरचा गायक नीट बसतो. मात्र फोकसची खोली, म्हणजे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, जेमतेम फूटभर: गायकाच्या डोळ्यावर साधलं की मागचा तानपुरा विरघळतो. दोघेही हवेत तर एफ/४ आणि वाढीव आयएसओ, दुसरा इलाज नाही. मागच्या रांगेत बसायचं असेल तर ७०-२०० एफ/२.८ झूम लेन्स, जड आणि महाग, तेव्हा आधी भाड्याने आणून बघा.

लेन्स बदलूनही चेहरा धूसर? बहुधा फोकस माईकवर गेलाय. एकच फोकस बिंदू निवडा, तो जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि जरा बाजूला सरका, म्हणजे माईक तोंडावरून हटतो. पांढरा कुर्ता फोटोत पांढराफटक होऊन तपशील जात असेल तर एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ स्टॉपने खाली. एलईडी दिव्यांत आडवे पट्टे आले तर सायलेंट (बिनआवाजाचं) शटर बंद करा. मग येणारा ‘खट्’ आवाज समेवर खपून जातो, आलापीत नाही.