ट्रेकच्या सामानाचं खरं वजन घरी कसं काढायचं

टेंटच्या पिशवीवर 2.1 किलो छापलंय म्हणून तो पाठीवर 2.1 किलोचा होत नाही. डिसेंबरात आम्ही पाच जण अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांवर गेलो होतो आणि सामानाची वाटणी मी केली होती, प्रत्येक वस्तूच्या वेबसाइटवरचा आकडा वहीत लिहून. टेंट ज्याच्याकडे दिला तो कुलंगच्या चढावर सारखा मागे पडत होता, आम्हाला वाटलं याचा सराव कमी पडलाय, दोघंतिघं तर त्याला बोललेही. घरी येऊन काट्यावर ठेवला तर टेंट 2 किलो 640 ग्रॅम. मला त्या मुलाची माफी मागावी लागली. तेव्हापासून एकही वस्तू वजन न करता मी कुणाच्या सॅकमध्ये घालत नाही.

काटा कुठला? किचनचा डिजिटल, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, 5 किंवा 10 किलोचा. लगेज बॅगेचा हुकवाला काटा फक्त शेवटी भरलेल्या सॅकसाठी. "बाथरूमच्या काट्यावर सॅक घेऊन उभं राहा आणि आपलं वजन वजा करा" हा सल्ला लोक अजून देतात, कृपया ऐकू नका, तो काटा 100-100 ग्रॅमच्या उड्या मारतो, त्यावर टेंट कसा मोजणार.

काटा बरोबर आहे का हे एकदा तपासा. दुधाच्या पिशवीने तपासू नका, अर्धा लिटर दूध पाण्यापेक्षा जड असतं, ते साधारण 515 ग्रॅम भरतं, वर प्लास्टिक वेगळं, आणि मग लोक काट्याला दोष देतात. मिठाच्या पुड्यावरचं वजन नुसत्या मिठाचं असतं, पुड्याचं नाही, शिवाय त्यात थोडा फरक कायद्यानेच चालतो. सरळ ओळखीच्या वाण्याकडे काटा घेऊन जा आणि त्याची वजनमापे खात्याचा शिक्का असलेली लोखंडी मापं ठेवून बघा, अर्धा किलो, एक किलो, मग दोन्ही मिळून. पाच मिनिटांचं काम आहे.

आता टेंट. इथे मी स्वतः तीनदा चुकलोय आणि तिन्ही वेळा मला आकडा वेगळा मिळाला, म्हणून हे नीट वाचा.

पहिली गोष्ट, टेंटची पिशवी काट्यापेक्षा मोठी असते, तिची टोकं ओट्याला टेकतात आणि टेकली की वजन कमी दिसतं. मला एकदा असंच तब्बल 180 ग्रॅम कमी दिसलं आणि मी खूश झालो की कंपनी खरं बोलतेय. उपाय सोपा आहे, काट्यावर एक उंच पातेलं उपडं ठेवा, टेअर दाबून शून्य करा आणि पिशवी त्या पातेल्यावर तोलून ठेवा. कशालाही टेकत नाही, खालचा डिस्प्लेही दिसतो. काटा फरशीवर किंवा ओट्यावर, सतरंजीवर नको, आणि पंखा बंद, कारण फ्लाय, म्हणजे टेंटवरून घालायचं बाहेरचं आवरण, त्यासारखं हलकं कापड वाऱ्याने हललं की आकडाही हलत राहतो.

दुसरी गोष्ट, पेग, म्हणजे टेंट ताणायला जमिनीत ठोकायच्या खुंट्या, एकेक करून टाकत बसू नका. बऱ्याच स्वस्त काट्यांना हळूहळू वाढणारं थोडं थोडं वजन कळत नाही, ते त्यालाच शून्य धरून बसतात. सगळे पेग एकदम ठेवा. दोऱ्यांचंही तसंच.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टेंट सुटा करून मोजा. आतला टेंट, फ्लाय, पोल, पेग, दोऱ्या, पिशव्या, सगळं वेगळं. माझ्या टेंटचे आकडे देतो: आतला टेंट 830, फ्लाय 720, पोल 580, म्हणजे झाले 2130. मग पेग 252, दोऱ्या 84, तीन पिशव्या 128, आणि पोल तुटला तर घालायची नळी व माहितीचा कागद मिळून 46. एकूण 2640.

म्हणजे कंपनीने मोजलेल्या तीन वस्तूंत फरक फक्त 30 ग्रॅमचा होता. बाकीचे 510 ग्रॅम तिने मोजलेच नव्हते. टेंटच्या माहितीत बऱ्याचदा दोन वजनं असतात, एक किमान किंवा ट्रेल वजन, ज्यात आतला टेंट, फ्लाय आणि पोल एवढंच धरतात, आणि दुसरं पॅक्ड वजन, ज्यात पिशवीसकट सगळं येतं. मोठ्या अक्षरात पहिलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे त्या पहिल्या आकड्याला काही अर्थ नाही, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूने वारा सुटला की पेग आणि दोऱ्यांशिवाय टेंट उभा राहत नाही, आणि कातळात पेग शिरत नाही तिथे दगडाला बांधायला तर दोऱ्या जास्तच लागतात. मग वजनातून त्या वगळायच्या कशासाठी? विकत घेताना पॅक्ड वजनच बघा, ते दिलं नसेल तर दुकानदाराला विचारा आणि तोही सांगत नसेल तर दुसरा टेंट बघा.

तक्रार करायची असेल तर ज्या वस्तू कंपनीने मोजल्यात त्याच मोजून करा, नाहीतर ते एका ओळीत तुम्हाला परत पाठवतात. 2-3 टक्के फरकासाठी मी भांडत नाही, कापडावरचं कोटिंग थोडं कमीजास्त होतं. 5 टक्क्यांच्या वर गेलं की फोटो काढा, आधी पातेल्यासकट शून्य दाखवणारा, मग सामान ठेवलेला, आणि परत करायची मुदत संपायच्या आत पाठवा. टेंट कोरा आणि कोरडा हवा. पावसाळ्यात मोजत असाल तर आधी एक रात्र पंख्याखाली पसरून ठेवा, नायलॉन हवेतला ओलावा धरतं, पॉलिस्टर त्या मानाने फारच कमी.

बाकीचं पटापट. बुटांचं वजन बऱ्याचदा एका बुटाचं लिहिलेलं असतं आणि तेही ठरावीक साइझचं, तुमचा नंबर 10 असेल तर जास्तच भरणार. स्लीपिंग बॅगवर मोठा आकडा असला तर तो नुसत्या आतल्या पिसांचा किंवा फायबरचा नाही ना हे बघा. हेडटॉर्च सेल घालून मोजा, तीन बारीक सेल म्हणजे जवळपास 35 ग्रॅम. गॅसच्या 230 च्या डब्यात 230 ग्रॅम गॅस असतो, डबा धरून साधारण 380 होतात. सॅकचं रेनकव्हर वेगळं मोजा.

पावसाळी ट्रेकला अजून एक आकडा लागतो तो ओल्या फ्लायचा. माझी 720 ची फ्लाय रात्रभर पाऊस खाऊन सकाळी झटकून सुद्धा 1 किलो 50 भरली होती, म्हणजे परतीच्या दिवशी टेंटवाल्याकडे पाव किलोपेक्षा जास्त वजन वाढतं. ती वेगळ्या पिशवीत घालून दुसऱ्याला द्या.

सगळे आकडे फोनमध्ये एका शीटवर ठेवा, ग्रुपला पाठवा आणि वाटणी त्यावरूनच करा. सॅक भरून झाली की पाण्यासकट हुकच्या काट्यावर टांगा, 3 लिटर म्हणजे 3 किलो, ते धरायचं राहू नये. बेरीज आणि काटा यांत 200 ग्रॅमच्या वर फरक आला तर काहीतरी न मोजता आत गेलंय. आधी वरचा खिसा उघडून बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.