पहिला प्रोग्रामिंगचा कोर्स : घोडं नेमकं कुठे पेंड खातं

कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स सुरू झालाय किंवा पुढच्या सेमिस्टरला घ्यायचाय अशांसाठी हे लिहितोय. मी हा कोर्स आधी विद्यार्थी म्हणून केला आणि नंतर त्याच कोर्सच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून बसलो. खरं सांगायचं तर असिस्टंट असताना जास्त कळलं, कारण आपण स्वतः अडतो तेव्हा वाटतं आपणच ढ आहोत, आणि लॅबमध्ये फेऱ्या मारायला लागलं की दिसतं की सगळे त्याच चारपाच जागांवर अडतायत, हुशार म्हणवणारे पण.

आधी भाषेचा वाद मिटवून टाकू, कारण नव्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, पायथन चांगली की जावा की सी. कोर्समध्ये जी असेल ती. हार्वर्डचा सीएस५० हा प्रसिद्ध कोर्स स्क्रॅचने सुरू होतो, म्हणजे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, मग सी आणि मग पायथन. एमआयटीत कित्येक वर्षं पहिला कोर्स स्कीम नावाच्या भाषेत चालायचा, नंतर पायथन आली. या सगळ्यांतून चांगले प्रोग्रामर बाहेर पडलेत. पायथनमध्ये सुरुवात सोपी जाते, सी मध्ये मशीनच्या आत काय चाललंय ते लवकर दिसतं, एवढाच काय तो फरक. दोन भाषा एकदम शिकायला मात्र जाऊ नका, सिंटॅक्सची (भाषेच्या लिहायच्या नियमांची) खिचडी होते आणि दोन्हीकडे एरर येत राहतात.

आता मुद्दा. माझ्या मते या कोर्समध्ये शिकायची गोष्ट एकच आहे, समोरचा कोड रन न करता तो काय करेल हे सांगता येणं. कोड लिहिणं त्याच्या नंतर येतं. बहुतेक जण उलटं करतात, लिहायचं, रन करायचं, चुकलं की काहीतरी बदलायचं, परत रन करायचं, कुठेतरी एक मिळवायचा कुठेतरी एक वजा करायचा, आणि कधीतरी उत्तर बरोबर आलं की सबमिट. असाइनमेंटला मार्क मिळतात पण डोक्यात काहीच शिरलेलं नसतं, पुढचं पाठ मागचं सपाट.

पहिली अडायची जागा म्हणजे बरोबरचं चिन्ह. गणितात एक्स = एक्स + १ लिहिलं तर सर पेपर फेकून देतील, इथे ते रोज लिहायचं असतं, कारण इथे त्याचा अर्थ 'उजवीकडचं आधी काढ आणि डावीकडच्या नावात ठेव' असा आहे. एक छोटी परीक्षा घ्या स्वतःची. ए मध्ये ५ ठेवले, मग बी = ए लिहिलं, मग ए मध्ये ७ ठेवले. आता बी किती? गणिताची सवय असलेले बरेच जण ७ म्हणतात. उत्तर ५, कारण बी ला त्या क्षणी जे मिळायचं ते मिळालं, त्यानंतर ए चं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे पचलं की दोन आठवड्यांनी लिस्ट (एका नावाखाली ठेवलेली घटकांची यादी) येते आणि सगळं परत गडबडतं, कारण पायथनमध्ये ए ही लिस्ट असेल, बी = ए लिहिलं आणि ए मध्ये एक आकडा ॲपेंड केला (शेवटी जोडला) तर बी मध्येपण तो दिसतो! नियम बदललेला नाहीये, लिस्ट एकच आहे आणि तिला दोन नावं पडलीत. इथे पाच मिनिटं थांबून कागदावर चौकोन काढा, नावापासून चौकोनाकडे बाण काढा. लाज वाटून घेऊ नका, पुढच्या कोर्सलापण हेच बाण काढावे लागतात.

दुसरी जागा प्रिंट आणि रिटर्न. हे मी सगळ्यात जास्त वेळा समजावलं असेल. फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात, उत्तर काढलं आणि प्रिंट केलं, स्क्रीनवर आकडा दिसला, मग पोरं म्हणतात झालं की काम. पण प्रिंट हे माणसाला दाखवण्यासाठी आहे, बाकीच्या प्रोग्रामला त्याचा काडीचा उपयोग नाही. नंतर त्याच फंक्शनच्या दोन उत्तरांची बेरीज करायला गेलात की पायथन नन टाइप म्हणून ओरडतं, कारण रिटर्न लिहिलंच नाही तर फंक्शन काहीही परत देत नाही, म्हणजे नन देतं. लॅबमधला माझा ठरलेला प्रश्न असायचा, 'हे उत्तर कोणाला हवंय, तुला की पुढच्या ओळीला?' पुढच्या ओळीला हवं असेल तर रिटर्न.

मग लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं. लूप कळत नाही असं कोणी म्हणत नाही, सगळ्यांना कळलाय असंच वाटतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खातं. रेंजमध्ये (हे ओळीने आकडे देणारं फंक्शन) १ आणि १० दिले तर पायथन १ ते ९ देतं, १० नाही. लिस्टचा पहिला घटक ० नंबरचा, म्हणून दहा घटकांच्या लिस्टमधला शेवटचा ९ नंबरचा. या एका आकड्याच्या फरकाला ऑफ बाय वन म्हणतात आणि अनुभवी लोकांच्या कोडमध्येपण तो निघतो. कुंपणाचे दहा खांब असतील तर मधले गाळे नऊच असतात, त्यातलाच हा प्रकार, आपण खांब मोजतोय की गाळे हे ठरवल्याशिवाय लूप लिहायला घेऊ नका.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. कागदावर तक्ता करा, प्रत्येक व्हेरिएबलला (ए, बी सारख्या नावाला) एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ, आणि कॉम्प्युटर बनून स्वतः आकडे भरत जा. मनात अंदाज बांधायचा नाही, ओळ जे सांगते तेवढंच करायचं. मोठ्या इनपुटवर नाही, तीन घटकांच्या लिस्टवर करा, मग एका घटकाच्या आणि मग रिकाम्या लिस्टवर. रिकाम्या लिस्टवर निम्म्या असाइनमेंट कोसळतात आणि तपासणारे नेमकं तेच टाकून बघतात (आम्ही टाकायचो). तक्ता भरून झाला की मगच रन करा आणि जुळतंय का बघा. जिथे जुळत नाही ती ओळ म्हणजे तुम्हाला न कळलेली गोष्ट, ट्यूशनवाल्याला पण ती इतक्या पटकन सापडणार नाही.

एररबद्दल. लाल अक्षरं दिसली की लोक वाचतच नाहीत, सरळ विंडो बंद करतात किंवा हात वर करतात. पायथनचा ट्रेसबॅक (एररचा मजकूर) खालून वाचायचा, शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं आणि त्याच्या वर कुठे झालं ते. सी किंवा जावा मध्ये उलटं, सगळ्यात वरचा एरर आधी सोडवा आणि परत कंपाइल करा (चालवण्याआधी कोडचं भाषांतर करून घ्या), खालचे बरेचसे त्याचीच पिल्लं असतात. आणि सेमीकोलन राहिला तर कंपाइलर बऱ्याचदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण त्याला ते तिथे गेल्यावर कळतं, म्हणून सांगितलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर एक ओळ वर बघा.

खरे त्रासदायक असतात ते एरर न देणारे प्रोग्राम, निवांत चालतात आणि चुकीचं उत्तर देतात. फॅरनहाइटचं सेल्सियस करायची असाइनमेंट जवळपास सगळीकडे असते. सी मध्ये ५ / ९ लिहून त्याला पुढच्या कंसाने (फॅरनहाइट वजा ३२) गुणलंत तर कुठलंही तापमान द्या, उत्तर ० येणार, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार तिथे पूर्णांकच येतो आणि ५ भागिले ९ म्हणजे ०. ५.० लिहिलं की सुटलं. तसंच ०.१ + ०.२ पायथनमध्ये करून बघा, ०.३०००००००००००००००४ येईल. हा बग नाहीये, ०.१ हा आकडा बायनरीत (कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या पद्धतीत) नेमका लिहिताच येत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. म्हणून दशांश आकडे सारखे आहेत का ते दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासायचं नाही, फरक पुरेसा लहान आहे का ते बघायचं. जावा मध्ये इंटची (साध्या पूर्णांकाची) मर्यादा २१४७४८३६४७, त्यात एक मिळवला की थेट वजा २१४७४८३६४८, आणि कोणी हूं की चूं करत नाही.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, आलं की वर्ग शांत होतो. इथे माझा सल्ला बाकीच्यापेक्षा वेगळा आहे, आतमध्ये आतमध्ये शिरत जाऊ नका. लहान प्रश्नाचं उत्तर फंक्शन बरोबर देतंय असं गृहीत धरा, त्यावरून मोठ्याचं कसं काढायचं ते लिहा, आणि कुठे थांबायचं ते सगळ्यात आधी लिहा. थांबायची अट विसरलात तर पायथन साधारण हजार पायऱ्यांवर स्वतःच हात टेकतं. फिबोनाची (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) सरळसोट रिकर्शनने लिहून ४० वा आकडा मागून बघा, ० आणि १ वर थांबणाऱ्या फंक्शनला ३३ कोटींहून जास्त कॉल होतात, कारण तीच तीच उत्तरं पुन्हा पुन्हा काढली जातात (३३ कोटी हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटेल). हाच प्रोग्राम साध्या लूपने डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. दुसरीकडे क्रमाने लावलेल्या १० लाख नावांमधून एक नाव बायनरी सर्चने (दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी बाद करत) शोधायला जास्तीत जास्त २० वेळा बघावं लागतं. कॉम्प्युटर सायन्स हे नुसतं कोडिंग नाही म्हणतात ते का, हे मला या दोन उदाहरणांवरून पटलं, लेक्चरमधल्या व्याख्येवरून नाही.

वर्गात काही जण आधीपासून कोडिंग करणारे असतात, पहिल्या आठवड्यात ते असे शब्द टाकतात की बाकीच्यांना वाटतं आपण चुकीच्या वर्गात बसलोय. त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका. त्यांचा हात टायपिंगला बसलेला असतो, हा फायदा खरा आहे, पण रिकर्शनपर्यंत येईतो बराचसा विरतो. उलट मला आलंय म्हणून लेक्चर बुडवणारे मिडटर्मला ततपप करताना मी बघितलेत.

असाइनमेंट मिळाल्या दिवशीच उघडा, सोडवली नाही तरी चालेल, नुसती वाचा. पूर्ण प्रोग्राम लिहून मग रन करायचा नाही, पाचसहा ओळी लिहायच्या, चालतंय बघायचं, पुढे जायचं, म्हणजे काही बिघडलं तर कुठे बघायचं ते माहीत असतं. अडलात की मदत मागा पण 'चालत नाहीये' एवढंच म्हणू नका, काय इनपुट दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं या तीन गोष्टी लिहून आणा. गंमत म्हणजे हे लिहितानाच बऱ्याच जणांना चूक सापडायची आणि ते रांगेतून निघून जायचे.

कॉपीबद्दल फार बोलत नाही. मॉस नावाचं तपासणारं सॉफ्टवेअर १९९४ पासून आहे आणि व्हेरिएबलची नावं बदलून, कमेंट टाकून त्याला चकवता येत नाही. एआयचं म्हणाल तर कोर्सचा नियम काय आहे तो आधी वाचा. चालत असेल तर तयार कोड मागण्यापेक्षा आपल्या कोडमधली एक ओळ दाखवून ही काय करते ते विचारा, आणि सांगितलेलं तक्त्यावर पडताळून बघा, कधीकधी ते ठासून चुकीचं सांगतं.

कारण शेवटी पेपर बऱ्याच ठिकाणी कागदावर असतो, तिथे रन बटण नाही. 'या कोडचं आउटपुट लिहा' हा प्रश्न हमखास, आणि मार्क मिळवायला सगळ्यात सोपा, तक्त्याची सवय असेल तर. तयारी करताना स्लाइडवरचं आउटपुट हाताने झाका, स्वतः लिहा, मग हात काढा. स्वतःच्या जुन्या असाइनमेंटपण अशाच काढून बसा, दोन महिन्यांपूर्वी आपणच लिहिलेला कोड परक्याचा वाटतो आणि सरावाला तोच उत्तम. पेपरात कोड लिहायचा असेल तर ओळींमध्ये जागा सोडून लिहा, मधे एक ओळ घुसवायची वेळ येतेच, आणि पायथन असेल तर इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) स्पष्ट दाखवा, रिटर्न लूपच्या आत आहे की बाहेर हे तपासणाऱ्याला कळलं नाही तर तो मार्क देऊ शकत नाही, इच्छा असली तरी.