आधी रात्रीचे तापमान, मग कॅप्सूल

पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठलेली असते आणि ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवावी लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले आहे. खोबरेल साधारण २४ ते २५ अंशांना वितळते. वितळत असताना ते उष्मा घेत राहते, पण त्याचे तापमान जवळजवळ जागचे हलत नाही. शाळेत आपण यालाच अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात आणि तेवढ्याच उष्म्यात शून्य अंशाचे एक किलो पाणी जवळपास ८० अंशांपर्यंत तापते, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की या गुणाचे मोल लक्षात येते. घराच्या भिंतीत किंवा छतात असा पदार्थ घातला, तर दुपारी तो वितळत खोलीतला उष्मा पोटात घेईल आणि रात्री गोठताना परत देईल, या कल्पनेवर आमचे क्षेत्र उभे आहे. या पदार्थांना प्रयोगशाळेत सगळे पीसीएमच (फेज चेंज मटेरियल, म्हणजे अवस्था बदलणारा पदार्थ) म्हणतात. रसायन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रकल्पापासून मी यात काम करते आहे आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे वारंवार सांगावे लागते ते येथे लिहीत आहे.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कोणता पीसीएम जास्त उष्मा साठवतो, हा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: ज्या गावात ही भिंत उभी राहणार, तिथली रात्र किती थंड होते? वितळलेला पदार्थ रात्री गोठला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो भिंतीतले नुसते ओझे असतो. मे महिन्यात पुण्यात दिवसाचे तापमान सरासरी ३७ अंशांच्या आसपास जाते आणि पहाटे ते २३ पर्यंत उतरते, त्यामुळे २८ अंशांना वितळणाऱ्या पदार्थाला गोठायला वाव मिळतो. मुंबईत त्याच महिन्यात रात्र २७ च्या आसपासच राहते, नागपूरला ती सुमारे २८ वर अडकते. तिथे हाच पदार्थ एसीच्या किंवा रात्रीच्या पाण्याच्या थंडाव्याशिवाय चालणार नाही. म्हणून वितळणबिंदू ठरवण्याआधी त्या गावच्या निदान एका वर्षाच्या तासातासाच्या तापमानाच्या नोंदी घेऊन बसावे.

पदार्थांची दोन मोठी घराणी समजून घेतली की पुढचे वाचन सोपे जाते. पहिले पॅराफिनचे, म्हणजे मेणासारख्या हायड्रोकार्बनांचे; त्यात ऑक्टाडेकेन हे आमचे नेहमीचे. ते २८ अंशांना वितळते, किलोमागे २४० किलोज्यूलच्या आसपास उष्मा घेते, हजारो वेळा वितळून गोठले तरी बिघडत नाही. मात्र ते जळते आणि उष्णतेचे वहन फार हळू करते. दुसरे घराणे पाणीधारी क्षारांचे. सहा रेणू पाणी धरलेले कॅल्शियम क्लोराइड २९ अंशांना वितळते, पेट घेत नाही, स्वस्त पडते, पण ॲल्युमिनियमला खाते आणि वेळेवर गोठायला कुरकुर करते. क्षारांचा स्वभाव कळण्यासाठी सौरऊर्जेच्या संशोधक मारिया टेल्केस यांच्या घराची हकिकत प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे १९४८ साली त्यांनी सूर्याचा उष्मा ग्लॉबर क्षारात (पाणीधारी सोडियम सल्फेटमध्ये) साठवून घर उबदार ठेवण्याचा प्रयोग केला. हा क्षार ३२ अंशांना वितळतो, परंतु वितळताना त्यातले निर्जल सोडियम सल्फेट तळाशी बसते आणि गोठताना सगळे पुन्हा पाण्याशी जुळत नाही. थर वेगळे होत गेले, डबे गळू लागले आणि काही हिवाळ्यांतच ती व्यवस्था निकामी झाली. पदार्थ कशात भरला आहे हा प्रश्न पदार्थाइतकाच मोठा आहे, हे मला त्या घराने शिकवले.

येथूनच कॅप्सूलचे, म्हणजे पदार्थाभोवतीच्या बंद कवचाचे, काम सुरू होते. क्षार बहुधा प्लास्टिकच्या जाड पाकिटांत किंवा पट्ट्यांत भरतात, कारण पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाभोवती सूक्ष्म कवच बांधणे अवघड असते. पॅराफिनचे मात्र काही मायक्रॉन आकाराचे थेंब करून त्यांवर पॉलिमरचे कवच चढवता येते आणि ती पूड सरळ गिलाव्यात मिसळता येते. मी शिकले ती मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची पद्धत. मेलामाइन आणि फॉर्मेलिन किंचित अल्कधर्मी पाण्यात ७० अंशांवर ढवळले की पांढरे पाणी हळूहळू नितळ होते. दुसरीकडे वितळलेले ऑक्टाडेकेन इमल्सिफायरच्या (तेलाचे थेंब पाण्यात सुटे ठेवणाऱ्या पदार्थाच्या) पाण्यात वेगाने घुसळून दुधासारखे इमल्शन करायचे, दोन्ही एकत्र आणायचे आणि सायट्रिक आम्लाने पीएच चार ते पाचच्या दरम्यान उतरवायचा. मग तीन-चार तासांत थेंबाभोवती कवच घट्ट होत जाते. माझी पहिली बॅच मी या टप्प्यावर घालवली. आम्ल थेंब थेंब सोडण्याऐवजी एकदम ओतले आणि दहा मिनिटांत पिठल्यात होतात तशा गुठळ्या पात्राच्या दांडीला चिकटल्या. त्यानंतर आम्ल सोडताना मी पीएच-मीटरवरून नजर हलवली नाही.

बॅच चांगली झाली की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळते. काचपट्टीवर एक थेंब घेऊन वरची काच सुईने हलकेच दाबली की चांगली कॅप्सूल आधी चेपते, मग तिच्या कवचाला सुरकुती पडते आणि शेवटी फाटून आतले तेल बाहेर झरते. नुसता तेलाचा थेंब असेल तर तो सुरकुती न पडता पसरतो. याहून साधी परीक्षा टिपकागदाची आहे. वाळलेली पूड कागदावर ठेवून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवावी. सकाळी कागदावर भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग दिसला, तर कवचात भोके आहेत किंवा बाहेर राहिलेले पॅराफिन हेक्सेन या द्रावकाने नीट धुतले गेलेले नाही.

यानंतर डीएससी यंत्राची पाळी येते. पदार्थ तापवताना आणि थंड करताना तो किती उष्मा घेतो-देतो, हे ते रेषेवर दाखवते, आणि इथे नवखे लोक वितळण्याच्या उंच शिखरावर समाधान मानतात. कॅप्सूलचा अप्रकट उष्मा १७० आला आणि शुद्ध ऑक्टाडेकेनचा २४०, तर वजनाच्या सुमारे ७० टक्के गाभा, म्हणजे पॅराफिन, आत आहे, एवढे त्यातून कळते आणि ते महत्त्वाचेही आहे. पण मी थंड होतानाची रेषा आधी पाहते. मोठ्या भांड्यातल्या पॅराफिनला गोठायला कुठे ना कुठे धूलिकणासारखे केंद्र मिळते. काही मायक्रॉनच्या बंद थेंबात ते मिळेलच असे नाही, आणि मग २८ ला वितळणारा पदार्थ दहा-बारा अंश खाली जाईपर्यंत द्रवच राहतो. गाभ्यात थोडे ऑक्टाडेकॅनॉल किंवा लांब साखळीचे पॅराफिन मिसळले की हे अतिशीतन बरेच कमी होते. मोजताना तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग मिनिटाला एक अंशाच्या आसपास ठेवावा. दहा अंशांच्या वेगाने शिखर सरकते आणि भिंतीत कधीही न घडणारे चित्र दिसते.

किती माल लागतो याचा हिशेबही स्वतः कागदावर करून पाहावा. दहा चौरस मीटर भिंतीवरचा एक सेंटीमीटर जाडीचा जिप्सम गिलावा सुमारे १०० किलो भरतो. त्यात दहा किलो कॅप्सूल घातल्या आणि किलोमागे १५० किलोज्यूल धरले, तर साठा १५०० किलोज्यूलचा होतो. दीड टनी एसी पूर्ण क्षमतेने चालला तर तेवढा उष्मा पाच मिनिटांत बाहेर काढतो. मात्र सावली, हवेशीर रचना आणि छताचे चांगले रोधन (उष्मा अडवणारा थर) करून खोलीत येणारा उष्मा ५०० वॅटवर आणला, तर तीच एक भिंत पन्नास मिनिटे आणि चार भिंती तीन तासांहून अधिक वेळ तग धरतात. दुपारी दोन ते पाच या वेळेत एवढे मिळाले तर ते थोडे नाही, पण रोधनाआधी पीसीएमचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यासाचे म्हणाल तर पॉलिमर रसायनशास्त्र आणि उष्मा-संक्रमण दोन्ही लागतात. एकच येणारा माणूस अर्ध्यावर अडतो. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, म्हणून हे काम फ्यूम हूडबाहेर कधीही करू नये, आणि राहत्या घरासाठी ॲक्रिलिक किंवा सिलिकाच्या कवचाकडे वळणे मला अधिक योग्य वाटते. नोकरी शोधताना इमारतींपुरते पाहू नये. लसी आणि औषधे थंड ठेवणाऱ्या पेट्यांच्या कामात हेच कौशल्य उपयोगी पडते.

प्रबंधाच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर सारख्या मापाच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या, एकीला साधा गिलावा आणि दुसरीला कॅप्सूलचा. पहिले आठ दिवस दुपारच्या दोन रेषांमध्ये स्पष्ट अंतर दिसले. नवव्या रात्री वळवाचे ढग दाटून आले, पहाटेचे तापमान २६ च्या खाली उतरलेच नाही, आणि त्या दुपारी दोन्ही पेट्यांच्या रेषा एकमेकींवर चढून गेल्या. माझ्या कॅप्सूल २२ अंशांपर्यंत गोठत नव्हत्या. डीएससीच्या थंड होतानाच्या रेषेवर ते महिनाभर आधीच उमटलेले होते. पुढची बॅच मी ऑक्टाडेकॅनॉल घालून केली.